डोस वाढतोय, साखर उतरत नाही: अकरा वर्षांच्या चिंगीसाठी

पत्र: आमची चिंगी स्पिट्झ आहे, अकरा वर्षांची, वजन १२ किलो. पिल्लं झाली नाहीत, नसबंदी केलेली नाही. श्रावणात माजावर आली होती. गणपती गेल्यावर तिचं पाणी एकदम वाढलं, घरात लघवी होऊ लागली. तपासणीत मधुमेह निघाला. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ५ युनिट इन्सुलिन सुरू केलं. पहिला महिना बरा गेला. मग साखर पुन्हा चढली म्हणून डोस ८, नंतर १२ आणि आता १६ केला, तरी ग्लुकोमीटर ३५० ते ४०० दाखवतो. रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवतो, नाहीतर सगळी फरशी ओली होते. पोट सुटलंय, मांड्या वाळल्यात, दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेत, थंडीतही धापा टाकते. डॉक्टर म्हणतात कुशिंग असावा, त्याच्या तपासण्या करू. रिपोर्टात थायरॉइडही कमी आहे. कानात सारखा संसर्ग होतो म्हणून दोन महिने थेंब चालू आहेत. इन्सुलिनची बाटली महिनाभर पुरते. मध्यंतरी मेडिकलमध्ये लाल टोपीच्या सिरिंज मिळेनात, तेव्हापासून नारिंगी टोपीच्या आणतो. डोस अजून वाढवायचा का? शेजारी कारल्याचा रस द्या म्हणतात. सूनबाईंना सातवा महिना आहे, त्यामुळे घरात धावपळ आहेच. या वयात तिला आम्ही नुसता त्रास देतोय का, असंही मनात येतं.
(रंकाळा परिसर, कोल्हापूर)

उत्तर:

डोस वाढवू नका. आधी फ्रीजमधली बाटली आणि हातातली सिरिंज शेजारी शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा वाचा. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींत, बाटली महिनाभर पुरते आणि टोपी नारिंगी आहे या दोन गोष्टींत, बहुतेक सगळं उत्तर आहे.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक करून ४० आययूच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. लाल टोपीची सिरिंज याच इन्सुलिनसाठी आखलेली असते. नारिंगी टोपीची सिरिंज १०० आययूच्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यावर १६ च्या खुणेपर्यंत भरलं की सिरिंजमध्ये ०.१६ मिलिलिटर औषध येतं. ४० आययूच्या बाटलीतून तेवढं काढलं तर ते ०.१६ गुणिले ४०, म्हणजे ६.४ युनिट होतं. तुम्ही १६ समजून ६.४ देताय.

याचा पडताळा बाटलीवरूनच मिळतो. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोज दोनदा खरोखर १६ युनिट गेले असते तर ती बारा-तेरा दिवसांत संपली असती. रोज १२.८ युनिट गेले तर ती एकतीस दिवस पुरते. तुमची महिनाभर पुरतेय.

आता मागे जाऊन पाहा. लाल सिरिंजवर ५ म्हणजे खरे ५ युनिट होते. १२ किलोच्या कुत्रीला ते किलोमागे ०.४ च्या आसपास पडतात. सुरुवातीचा डोस किलोमागे पाव ते अर्धा युनिट असतो, म्हणजे डॉक्टरांनी अगदी योग्य सुरुवात केली होती. टोपी बदलल्यावर नारिंगीवरचे ८ म्हणजे खरे ३.२ झाले. कागदावर डोस वाढला आणि अंगात गेलेलं इन्सुलिन कमी झालं. पुढे १२ चे ४.८ झाले, १६ चे ६.४. साखर उतरली नाही यात नवल नाही, आणि डॉक्टरांना इन्सुलिन लागू पडत नाही असं वाटलं यातही नाही, कारण त्यांच्यासमोर १६ हाच आकडा होता. एका वेळचा डोस किलोमागे एक युनिटच्या वर गेला की इन्सुलिनला कोण अडवतंय ते शोधायला घ्यावं, आणि दीडच्या वर गेल्यावर तर शोधायलाच हवं. चिंगीच्या बाबतीत हे आकडे १२ आणि १८ युनिट. ती अजून पहिल्यापर्यंतही पोचलेली नाही.

यापुढची चूक मात्र जिवावर बेतू शकते, म्हणून स्पष्ट लिहितो. लाल सिरिंज आणून तिच्यावर १६ भरू नका. एका रात्रीत अडीचपट इन्सुलिन जाईल. डॉक्टरांना आजच फोन करून हा हिशेब सांगा आणि लाल सिरिंजवर ६ पासून सुरुवात करायची का, ते विचारून घ्या. आज ती जे घेतेय त्याच्या हे सर्वांत जवळ आहे. पुढचे निदान पाच ते सात दिवस डोस तोच ठेवायचा, कारण शरीराला नव्या डोसशी जुळायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर गरज पडली तर एकेका युनिटनं वाढवायचं. दर दोन दिवसांनी डोस हलवला तर कुठला डोस काय करतोय हे कुणालाच कळत नाही.

बाटलीवर ३०/७० लिहिलेलं नाही ना, हेही पाहा. तो दोन इन्सुलिनांचा मिश्र प्रकार असतो आणि दुकानदार कधी कधी ‘हेच चालतं’ म्हणून देतात. डॉक्टरांनी साधं आयसोफेन, म्हणजे एनपीएच लिहिलं असेल तर तेच हवं.

स्पिट्झमध्ये दुसरी हमखास चूक म्हणजे इन्सुलिन केसात जाणं. हिच्या दाट केसांत सुई कातडीपर्यंत पोचलीये असं वाटतं आणि थेंब लोकरीत मुरतो. छातीच्या दोन्ही बाजूंना, खांद्यामागून कुशीपर्यंत, तळहाताएवढी जागा डॉक्टरांकडून मशीननं भादरून घ्या. मानेच्या मागची सैल कातडी बरेच जण वापरतात, पण तिथून औषध नीट शोषलं जात नाही. बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवून औषध एकसारखं दुधी झालं की भरा. एनपीएच खळाखळा हलवायचं नसतं. भरल्यावर हवेचा बुडबुडा टिचकीनं वर आणून बाहेर काढा. कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचला, तंबूच्या तळाशी सुई आडवी घाला, दट्ट्या दाबा, सुई काढल्यावर त्या जागेवर बोट फिरवून वास घ्या. इन्सुलिनला दवाखान्यासारखा उग्र वास असतो. बोट ओलं लागलं किंवा वास आला तर डोस बाहेर सांडला असं समजा. आणि इथेच एक कडक नियम: किती गेलं याची खात्री नसेल तर दुसरं टोचायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. बारा तास साखर चढी राहिल्यानं तिचं फारसं बिघडत नाही, दुप्पट डोसानं जीव जाऊ शकतो. टोचायची जागा रोज दोन-तीन बोटं सरकवा. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ धरते.

बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात उभी ठेवा. दार सारखं उघडतं म्हणून दारात नको, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर नकोच. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसतं, पण फेकून द्यायचं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि चार, फार तर सहा आठवड्यांनी नवी उघडा. एक बाटली कायम जादा असू द्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापुरात रस्ते बंद झाले, वीज गेली, तशा वेळी मेडिकल शोधत फिरता येत नाही. पावसाळ्यापूर्वी एक छोटा थर्मासचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या घरात हव्यात. बाटली कापडात गुंडाळून ठेवायची, बर्फाला थेट टेकू द्यायची नाही.

पाण्याचं भांडं आज रात्रीपासून परत खाली ठेवा. ही विनंती नाही, आग्रह आहे. ती जास्त पिते म्हणून लघवी होते असं दिसतं खरं, पण घडतं उलटं. रक्तातली साखर साधारण १८० ते २२० च्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही, साखर लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. ते भरून काढायला ती पिते. पाणी तोडलं की शरीर सुकतं आणि साखर आणखी चढते. ओल्या फरशीला जुनी चादर, प्लास्टिकचा कागद आणि रात्री अकराला एक चक्कर हाच उपाय. त्यापेक्षा पाणी मोजायला लागा. सकाळी मोजून भांडं भरा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा, वहीत लिहा. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे चिंगीसाठी १२०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते नक्की जास्त. साखर ताब्यात येऊ लागली की बऱ्याचदा हाच आकडा सगळ्यात आधी खाली येतो, आणि त्यासाठी सुई टोचावी लागत नाही.

आता कुशिंगबद्दल. डॉक्टरांचा संशय रास्त आहे. सुटलेलं पोट, वाळलेल्या मांड्या, दोन्ही बाजूंना सारखे विरळ होणारे केस, गारव्यातही धापा, हे सगळं एकत्र आलं की मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे हॉर्मोन जास्त बनवत असाव्यात, म्हणजेच कुशिंग असावा, असं वाटतंच. बहुतेक कुत्र्यांत मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतल्या लहानशा गाठीत असतं, थोड्यांत अधिवृक्क ग्रंथीतच. कॉर्टिसॉल इन्सुलिनच्या विरोधात काम करतं, म्हणून कुशिंग असेल तर मधुमेह आवरत नाही. पण चाचणी आत्ता करू नका, तीन-चार आठवडे थांबा. साखर ४०० असलेल्या कुत्रीचं शरीर ताणाखाली असतं आणि ताणात कॉर्टिसॉल आपोआप चढतं. पाणी, लघवी, भूक आणि रिपोर्टातला यकृताचा अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा हे सगळं मधुमेहानंही वाढतं. आज चाचणी केली तर कुशिंग नसतानाही रिपोर्ट तसा येऊ शकतो, आणि त्या रिपोर्टावर सुरू झालेलं औषध निरोगी अधिवृक्क ग्रंथी दाबून टाकेल.

त्याआधी कानातले थेंब. कुत्र्यांच्या कानाच्या बहुतेक थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं. बाटलीवर बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, ट्रायअमसिनोलोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही लिहिलंय का पाहा. सुजलेल्या कानातून ते रक्तात जातं, साखर चढवतं, आणि महिनोन्‌महिने चाललं तर कुशिंगसारखीच चिन्हं आणतं. खाजेसाठी मधूनमधून ‘एक इंजेक्शन’ मिळत असेल तर तेही स्टेरॉइडचं असण्याची शक्यता मोठी. सगळ्या बाटल्या आणि चिठ्ठ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. थेंब स्वतःहून झटक्यात बंद मात्र करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं तर ग्रंथी आपलं काम थांबवून बसतात आणि अचानक तोडल्यावर कुत्री कोसळू शकते. कमी कसं करायचं ते डॉक्टर सांगतील, आणि स्टेरॉइड पुरतं थांबून काही आठवडे गेल्यावरच कुशिंगच्या चाचणीला अर्थ आहे.

नसबंदीचा मुद्दा पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण तो मोठा आहे. श्रावणात माज आणि गणपतीनंतर मधुमेह हा क्रम योगायोग नसावा. माज ओसरल्यावर कुत्रीच्या अंगात साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन चढं राहतं, त्यामुळे स्तनग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन स्रवतं आणि ते इन्सुलिनला काम करू देत नाही. दर माजाला हेच घडणार. पुढचा माज माघ-फाल्गुनाच्या सुमारास येईल आणि तेव्हा तुम्ही जमवलेला सगळा हिशेब पुन्हा विस्कटेल. शिवाय या वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि मधुमेही कुत्रीला तो फार महाग पडतो. म्हणून आधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशय, अधिवृक्क ग्रंथी, स्वादुपिंड आणि यकृत एकाच वेळी पाहून होतात. साखर जरा आवाक्यात आली की माज येण्याआधी ऑपरेशन करा. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळचा पहिला नंबर मागा. उपाशी असल्यानं त्या सकाळी इन्सुलिन बहुधा अर्धं देतात, ते सर्जनला विचारूनच. कुशिंगचा दाट संशय असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून तो संशयही सर्जनच्या कानावर घाला. ऑपरेशननंतर इन्सुलिनची गरज बघता बघता कमी होऊ शकते, त्या आठवड्यात रोज साखर बघा.

लघवीची कल्चर तपासणीही याच फेरीत करून घ्या. गोड लघवीत जंतू सहज वाढतात आणि मधुमेही कुत्रीत बऱ्याचदा काहीच त्रास दिसत नाही, तरी संसर्ग असतो. दात किडले असतील, हिरड्यांतून पू येत असेल तर तोही इन्सुलिनच्या आड येतो.

थायरॉइडची गोळी सध्या नको. कुठल्याही मोठ्या आजारात टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइड हॉर्मोन, खाली येतो, ग्रंथी ठीक असली तरी. मधुमेह सावरल्यावर टी-४ आणि टीएसएच एकत्र पुन्हा तपासा.

कारल्याच्या रसाबद्दल शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण कुत्र्यांचा मधुमेह माणसांच्या उतारवयातल्या मधुमेहासारखा नसतो. त्यांच्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच संपत आलेल्या असतात. रस, मेथी किंवा माणसांच्या साखरेच्या गोळ्या ती उणीव भरून काढत नाहीत. घरात कुणी ‘शुगर फ्री’ गोळ्या, च्युइंगम वापरत असेल तर ते तिच्यापासून दूर ठेवा. त्यांत झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यांना विष आहे.

जेवणाचा नियम सोपा आहे, पाळायला अवघड. रोज तेच, तेवढंच, बारा तासांच्या अंतरानं दोनदा, आणि जेवण झाल्यावर इन्सुलिन. घरचं देत असाल तर एका वेळचा अंदाज असा: बिनहाडाचं उकडलेलं चिकन शिजल्यावर १०० ग्रॅम, ज्वारीची एक मध्यम भाकरी, वाफवलेला दुधी किंवा फरसबी मूठभर. दिवसाला साधारण ६०० कॅलरी होतात, १२ किलोच्या म्हाताऱ्या कुत्रीला तेवढ्या पुरतात. चिकन रोज किचनच्या काट्यावर तोला, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. नुसत्या घरच्या जेवणात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, त्याची पूड डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधल्या वेळेचं ग्लुकोज बिस्किट, चहात बुडवलेला पाव, दूध-भाकरी, गूळ बंद. रविवारच्या मटणाची चरबी, हाडं आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा घोटसुद्धा नको. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो आणि तेलकट, चरबीचं खाणं स्वादुपिंडाला सूज आणू शकतं. ती सूज आली की मधुमेह हाताबाहेर जातो. रंकाळ्यावरचं फिरणंही रोज सारख्याच वेळी, सारखंच अंतर असू द्या. एखाद्या रविवारी अचानक लांबवर धाववलंत तर साखर खाली घसरू शकते.

ती जेवलीच नाही तर? थोडंच खाल्लं पण बाकी ताजीतवानी असेल तर अर्धा डोस द्या आणि डॉक्टरांना कळवा. अजिबात खाल्लं नाही आणि उलट्या होत असतील तर पूर्ण डोस टोचू नका, थेट फोन करा. उलट्या, सुस्ती आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल किंवा लघवीच्या पट्टीवर किटोन (साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणारे पदार्थ) दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. ही सलाइन लावण्याची वेळ असते. किटोन दाखवणाऱ्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी घरात ठेवा.

साखर घसरल्याची खूण सगळ्या घराला माहीत हवी. झोकांड्या, थरथर, भलत्याच दिशेला टक लावून बघणं, खूप भूक, शेवटी फिट. मीटरवर ६० च्या खाली आकडा दिसला तर साखर घसरलीच समजा, आणि खुणा स्पष्ट असतील तर मीटर शोधत बसू नका. दोन-तीन चमचे ग्लुकोज पावडर अगदी थोड्या पाण्यात घट्ट कालवा आणि ओठ बाजूला करून हिरड्यांना चोळा. पावडर नसेल तर मध, नाहीतर काकवी, ती आपल्याकडे बऱ्याच घरांत असतेच. घशात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. फिट चालू असेल तर बोटं दातांच्या मधे घालू नका. शुद्धीवर आली की तिला खायला द्या, दहा-पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा पाहा, आणि सावरली तरी दवाखान्यात न्या, कारण इन्सुलिनचा असर संपेपर्यंत साखर परत घसरू शकते.

घरी साखर मोजताय हे उत्तम आहे, पण एकेकटा आकडा फारसं सांगत नाही. डोस बदलून आठवडा झाला की एक पूर्ण दिवस मोजा: सकाळी जेवणाआधी एकदा आणि मग दर दोन तासांनी संध्याकाळच्या जेवणापर्यंत. कानाच्या पाळीची कड तळव्यात धरून ऊब द्या, काठावर टोचा, थेंब आपणहून पट्टीत ओढला जाऊ द्या. चिंगीचे कान दुखरे असतील तर ओठाची आतली बाजू चालते. दिवसातला सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० मध्ये आणि जेवणाआधीचे आकडे २००-२५० च्या आसपास असले तर ते तिच्यासाठी उत्तम आहे. माणसांसारखे आकडे गाठायला जाऊ नका. खालचा आकडा ८० च्या खाली गेला तर डोस कमी करायला हवा, जेवणाआधीचा आकडा भलताच चढा असला तरी. किंबहुना तेव्हाच जास्त, कारण साखर फार घसरली की शरीर घाबरून ती उसळवतं, आणि उपाशीपोटीचा आकडा पाहून आपण नेमका उलटा निर्णय घेतो. उपाशीपोटी १५० च्या खाली दिसलं तर पूर्ण डोस देण्याआधी फोन करा. माणसांचे मीटर कुत्र्याची साखर सहसा खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतात, म्हणून मीटर मधेच बदलू नका. परवडत असेल तर दंडाला चिकटवतात ते फ्रीस्टाइल लिब्रेचं सेन्सर खांद्याजवळ केस भादरून लावता येतं. चौदा दिवस टिकतं आणि रात्री काय घडतं तेही दाखवतं. वरून जुना टी-शर्ट घाला, नाहीतर ती ते खाजवून काढेल.

एवढं सगळं नीट झालं, गर्भाशय, लघवी आणि थेंबांचा प्रश्न मिटला, तरी खरे १२-१५ युनिट देऊनही साखर उतरत नसेल किंवा पोट-केसांची चिन्हं वाढतच असतील, तर कुशिंगकडे वळा. स्वस्तात सुरुवात करायची तर घरी सकाळची लघवी स्वच्छ डबीत धरून कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिनचं प्रमाण तपासतात. दवाखान्याच्या फेरीनंतर दोन दिवस जाऊ द्या, भीतीनंही कॉर्टिसॉल वाढतं. हे प्रमाण नॉर्मल आलं तर कुशिंगची शक्यता जवळजवळ मिटते. जास्त आलं तर निदान होत नाही, फक्त पुढची चाचणी करायला कारण मिळतं. ती म्हणजे डेक्सामेथासोनची कमी डोसाची चाचणी: सुरुवातीला, चार तासांनी आणि आठ तासांनी रक्त. त्या दिवसाचं जेवण आणि इन्सुलिन कसं ठेवायचं ते आदल्या दिवशी ठरवून घ्या. इथे सोय नसेल तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना वहीतल्या नोंदी आणि सगळे रिपोर्ट न्या.

निदान पक्कं झालं तर औषध बहुधा ट्रायलोस्टेन असेल, ते कॉर्टिसॉल कमी करतं. मधुमेही कुत्रीला ते दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, म्हणजे चिंगीला १० मिलिग्रॅमच्या आसपास, जेवणाबरोबर देतात. उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. त्या दिवसांत सगळ्यात जपायचं ते इन्सुलिनला. कॉर्टिसॉल खाली आलं की कालपर्यंत कमी पडणारं इन्सुलिन आज जास्त होतं. डॉक्टर बऱ्याचदा आधीच डोस थोडा उतरवतात. उतरवला नसेल तर विचारा, आणि पहिले काही आठवडे रोज मोजा. दहा ते चौदा दिवसांनी, मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी कॉर्टिसॉल किती खाली आलं ते पाहायला एसीटीएच चाचणी करतात, गोळी दिल्यापासून चार ते सहा तासांनी. त्यासाठीचं इंजेक्शन दवाखान्यात आहे का ते आधी विचारून घ्या. पाणी-लघवी काही आठवड्यांत कमी होते, केसांना मात्र महिने लागतात. ट्रायलोस्टेन चालू असताना कुत्री मलूल झाली, खाईना, उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी देऊ नका आणि ताबडतोब दवाखाना गाठा. तेव्हा कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली गेलेलं असू शकतं.

डोळ्यांकडेही लक्ष असू द्या. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना काही महिन्यांत मोतीबिंदू होतो, साखर बऱ्यापैकी ताब्यात असली तरी. बुबुळ दुधाळ दिसू लागलं की दाखवा. डोळा लाल झाला, मिटून धरू लागली तर त्याच दिवशी. कमी दिसणारी कुत्री वासावर आणि सवयीवर छान वावरते, फक्त पाण्याचं भांडं आणि खाट जागेवरून हलवू नका.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही तिला त्रास देत नाही आहात. बारीक सुईनं दिवसातून दोनदा टोचणं तिला जेवणानंतरच्या सवयीसारखं होऊन जातं. आत्तापर्यंत तिला जो त्रास झाला तो न उतरलेल्या साखरेचा आणि तहानेचा. पुढच्या सहा आठवड्यांत पाणी कमी झालं, वजन टिकलं, ती आपणहून फिरायला दाराशी आली, तर उपचार तिच्यासाठीच चाललेत असं खुशाल समजा. योग्य डोस, योग्य तपासण्या होऊनही ती सारखी मलूल राहिली, खाणं सोडलं, माणसांतून उठून कोपरा धरू लागली, तर डॉक्टरांशी त्याबद्दल मोकळेपणानं बोला. पण ती वेळ आज नाही. आजवर तिला तिचं औषध पुरेसं मिळालेलंच नाही.

सूनबाईंसाठी एक सूचना. पुढे ट्रायलोस्टेन सुरू झालं तर ती कॅप्सूल त्यांनी हाताळायची नाही, गर्भवती बाईला ती घातक ठरू शकते. देणाऱ्यानंही कॅप्सूल फोडू नये, अर्धी करू नये आणि नंतर हात साबणानं धुवावेत. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून साठवा आणि बरणी भरली की दवाखान्यात नेऊन द्या. घरात बाळ रांगायला लागेपर्यंत ही सवय पक्की झालेली बरी.